अमावस्या समाप्ती ११.४२

गेली अकरा वर्षं मी सरकारी वेबसाइटी पाडते. रीतसर पगार घेऊन पाडते. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "त्या तर आपल्या आपण पडतात की! त्याला पगार कशाला?" आणि स्वतःच मोठ्यानं हसतो. हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता लग्नाबिग्नात कोणी विचारलं तर मी बँकेत आहे म्हणून सांगते.

काम तसं साधं आहे. समजा, पोस्टात एकच खिडकी आहे. तिथं हजार माणसं आली, प्रत्येकानं "किती वाजले?" एवढंच विचारलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. आता खऱ्या कामाला आलेल्या म्हातारीचा नंबर लागायचा कधी? काच फुटलेली नाही, कुलूप तुटलेलं नाही, चोरी झालेली नाही, तरी पोस्ट बंद. सर्व्हर असाच कोंडतात. आणि दुसऱ्या कोणी कोंडण्याआधी तो कितपत तग धरतो हे बघायला मी आधी कोंडून बघते.

पूर्वी हे सोपं होतं, कारण हल्ला करणारी यंत्रं यंत्रासारखीच वागायची. मग हल्लेखोरांनी त्यांना माणसासारखं चुकायला, रेंगाळायला शिकवलं. त्यावर उतारा म्हणून आम्ही 'लोंढा' बांधला. लोंढ्यात दहा लाख खोटी माणसं आहेत. प्रत्येकाला वय, गाव, जुनापुराणा फोन आणि स्वभाव दिलेला आहे. कोणी जन्मतारीख उलटी लिहितो, कोणी अर्ज अर्ध्यावर टाकून दूध उतू गेलं का बघायला जातो, कोणी पासवर्ड चारदा चुकवतो आणि वर साइटलाच शिव्या देतो. या दहा लाखांना मी साइटवर सोडते आणि त्यांच्यात हल्लेखोर मिसळते. पुढचं काम द्वारपालाचं.

द्वारपाल म्हणजे आमचा राखणदार प्रोग्रॅम. माणूस कोण आणि यंत्र कोण हे एकेकाकडे बघून ओळखणं आता कोणाच्या बापाला शक्य नाही, म्हणून तो एकेकाकडे बघतच नाही. तो सगळ्यांकडे एकदम बघतो. त्याचं तत्त्व असं, की खरी माणसं एकमेकांना विचारून येत नाहीत. एक चहा पिऊन येतो, एक बायकोशी भांडून येतो, एकाला चार्जर सापडत नाही. लाख माणसांच्या येण्याच्या वेळा मांडल्या तर त्या विखुरलेल्या दिसतात आणि तो विखुरलेपणा गणितानं मोजता येतो. यंत्रांना मात्र कोणीतरी एक मालक हुकूम देतो. लाखभर जण दबा धरून बसले आणि एकाच क्षणी उठले, की द्वारपाल समजतो यांचा मालक एक आहे. मग तो त्या सगळ्यांचे ओळख क्रमांक तीस दिवसांसाठी बंद करतो. शंका नाही, सुनावणी नाही.

चाचणीत मी लोंढा एकेचाळीस तऱ्हांनी सोडला. चाळीस वेळा द्वारपाल बरोबर ठरला. एकेचाळिसाव्या वेळी मी हल्लेखोर न मिसळता लोंढ्यातल्या लाखभर माणसांना एकाच मिनिटात अर्ज पाठवायला लावलं, तर त्यानं सगळ्यांना चोर ठरवून हाकललं. म्हणजे द्वारपाल चुकला. आणि मी अहवालात काय लिहिलं? 'अवास्तव परिस्थिती. माणसं असं वागत नाहीत. वगळावी.' खाली झोकदार सही, गौतमी म्हैसाळकर.

ही साइट होती दृष्टी योजनेची. म्हातारपणी डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग मरत जातो, त्यावर प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेली चकती बसवायची. नखाहून लहान असते. वर्षाला सहाशेच चकत्या तयार होतात. एका मंगळवारी दहा ते दोन साइट उघडी राहणार, तेवढ्यात आलेले सगळे अर्ज डॉक्टर तपासणार आणि आजार किती वाढलाय त्यावर सहाशे जण निवडणार. आधी आला की नंतर आला, याला काही महत्त्व नाही.

माझ्या आईला हा आजार आहे. तिला समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की ती माझ्या कानाकडे बघते, म्हणजे कडेनं माझा चेहरा थोडाफार हाती लागतो. आमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अर्ज पोचला तर पहिल्या शंभरात नाव येईल. पण ज्या नसांवर ही चकती बसते त्या फार तर आठ महिने टिकतील, तेव्हा पुढच्या वर्षीची फेरी आईच्या कामाची नाही.

मंगळवारच्या दहा दिवस आधी बाबांचा फोन आला. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मिरज स्टँडवर तीस वर्षं त्यांनी गर्दी हाकली.

"काय गं, त्या दिवशी अमावस्या आहे, ठाऊक आहे का तुझ्या सायबाला?"

"बाबा, तुम्ही कधीपासून अमावस्या बघायला लागलात?"

"मी कशाला बघतोय! लोक बघतात. मी स्टँडवर कॅलेंडर कशाला लावलेलं असायचं? अमावस्येला गाड्या रिकाम्या आणि दुसऱ्या दिवशी दारात लोंबकळून माणसं. माझा विश्वास नव्हता म्हणून काय झालं, प्रवाशांचा होता की. जादा गाड्या तेवढ्यासाठी ठेवायचो."

"ही एसटी नाही हो बाबा. घरात बसून बटण दाबायचंय. तुम्ही दहाला अर्ज पाठवा आणि मोकळे व्हा."

"पाठवतो की," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मीही विसरले. तीस वर्षं गर्दी हाकलेल्या माणसाला मी गर्दीबद्दल शिकवत होते आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही.

मंगळवारी आम्ही पुण्याच्या कार्यालयात साडेनवालाच जमलो. योजनेचे सहसंचालक चौबळ साहेब ॲसिडिटीची गोळी चघळत फेऱ्या मारत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक साइट नवव्या मिनिटाला पडली होती आणि त्याची उत्तरं देता देता त्यांचे उरलेसुरले केसही गेले होते. अर्जांचे आकडे दाखवणाऱ्या मोठ्या पडद्याशेजारच्या टेबलावर नारळ, हळदकुंकू आणि पेढ्यांचा पुडा मांडून ठेवला होता. दहाला साइट उघडली, नारळ मात्र तसाच.

"साहेब, नारळ?" मी विचारलं.

"बाराला फोडू. आधी बघू या कसं चाललंय ते."

चाललं होतं ते विचित्रच. साडेअकरापर्यंत जेमतेम नऊ हजार अर्ज आले. पण अर्ज पूर्ण भरून, कागद जोडून, शेवटचं बटण न दाबता बसलेले लोक किती? एक लाख अडतीस हजार. आकडा हलेना. मला वैताग आला. सगळं भरलंय, आता एक बटण दाबायला काय धाड भरलीय या लोकांना? बटण दिसत नाही की काय म्हणून मी चार वेगवेगळ्या फोनांवर पान उघडून पाहिलं. ठसठशीत हिरवं बटण होतं.

अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी एक लाखाहून जास्त लोकांनी ते बटण एकदम दाबलं.

अख्खा पडदा लाल झाला. द्वारपालानं नऊ सेकंदांत निकाल दिला : दबा धरून केलेला हल्ला, मालक एक, एक लाख अडतीस हजार क्रमांक बंद. सर्व्हरला साधी उचकीसुद्धा लागली नाही.

"परतवला!" चौबळ साहेबांनी चक्क टाळी वाजवली. "म्हैसाळकर, परतवला हल्ला! साडेबाराला पत्रकार येतायत, त्यांना हा आकडा द्या. अडतीस नको, जवळजवळ दीड लाख म्हणा." माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात माझा फोन वाजला.

"गौतमी," बाबा म्हणाले, "तुझ्या आईचा क्रमांक बंद झालाय म्हणे. हल्लेखोर म्हणून. अगं, मी एकदाच दाबलं. शपथ."

"दहाला दाबलंत ना?"

"दाबलं की."

"बाबा, किती वाजता दाबलंत?"

"अकरा त्रेचाळीसला. अमावस्या अकरा बेचाळीसला संपत होती. कॅलेंडरात दिलंय."

माझं टाळकंच सटकलं. "तुम्ही? अहो, तुम्ही लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरांची टर उडवायचात! माझ्या लग्नाला मुहूर्त बघू दिला नाहीत! जन्मभर नाही पाळलीत ती अमावस्या आजच आठवली?"

"तिच्या डोळ्यांचं होतं गं," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कशाचं असतं तर थांबलो नसतो. म्हटलं, पावणेदोन तासांनी काय बिघडतंय? दोनपर्यंत आहे की." मग हळूच म्हणाले, "आणि मी सांगितलं होतं तुला, लोक थांबतात."

समोर टेबलावर नारळ होता. हळदकुंकू होतं. पुड्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. राज्यातल्या घराघरांत भिंतीवर तीच कॅलेंडरं, त्यांत तीच वेळ छापलेली, अगदी मिनिटासकट. एक लाख अडतीस हजार माणसांना कोणीही हुकूम दिला नव्हता. त्यांनी फक्त भिंतीकडं पाहिलं होतं. आणि माणसं असं वागत नाहीत, हे मी सही करून लिहून दिलं होतं.

"बाबा, फोनजवळ थांबा," म्हणून मी साहेबांकडं वळले.

"साहेब, नारळ सकाळी का फोडला नाहीत?"

"त्याचं काय आता?"

"अमावस्या होती म्हणून?"

साहेब जरा चपापले. "घरून सांगितलं होतं. आपलं काही नाही, पण उगाच कशाला..."

"साहेब, त्या लाल पडद्यावर जे आहेत ना, ते सगळे 'उगाच कशाला'वालेच आहेत. हल्ला नाही तो. माणसं आहेत. आंधळी होत चाललेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं. अमावस्या संपायची वाट बघत बसली होती, तुमच्यासारखीच."

त्यांनी पडद्याकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं आणि आणखी एक गोळी तोंडात टाकली. त्यांना पटलं होतं. पटलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो. पण पटणं निराळं आणि सही करणं निराळं.

द्वारपालाला कडी आहे. ती काढली की त्यानं बंद केलेले सगळे क्रमांक एका फटक्यात मोकळे होतात. अधिकार फक्त दोघांना होता, साहेबांना आणि मला. कडी काढायची तर एक अर्ज भरायचा. त्यात लिहून द्यायचं, की हा हल्ला नाही याची मी खात्री केली आहे, साइट पडल्यास जबाबदारी माझी, आणि माझ्या कुटुंबातल्या कोणाचाही अर्ज या फेरीत नाही. शेवटची अट रास्तच आहे. नाहीतर ज्याचा मामा अडकला तो उठून कडी काढेल. कडीला हात लावायची वेळ येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, कारण चाचणी मी घेतली होती ना!

"मी सही करणार नाही," साहेब म्हणाले. "समजा तुमचा अंदाज चुकला. साइट पडली तर आलेले नऊ हजारही जातील. माझी तीन वर्षं राहिलीत, म्हैसाळकर."

"मी करते."

"तुमच्या आईंचा अर्ज आहे. माहितीये मला." त्यांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नाही, हे मला आजही म्हणावं लागतं. "हे बघा, चुकून अडकलेला एखाददुसरा क्रमांक मी माझ्या अधिकारात सोडवू शकतो. त्याला कुठलाही फॉर्म लागत नाही. आईंचा क्रमांक सांगा, आत्ता सोडवतो. बाकीच्यांसाठी वर लिहू. पुढच्या आठवड्यात समिती बसवू."

"दोनला खिडकी बंद होतेय, साहेब. पुढच्या आठवड्यात समिती बसून काय पेढे खाणार?"

"तुम्ही आईचं बघा," ते म्हणाले.

सव्वाबारा झाले होते. मी बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले. खरं सांगते, क्रमांक माझ्या जिभेवर होता. बारा आकडे. आईचा आहे, पाठच आहे मला. आत जायचं, बारा आकडे म्हणायचे, की सहा महिन्यांत आई माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघेल. कोणाला कळणारसुद्धा नव्हतं. मला राग आला. साहेबांचा, बाबांचा, कॅलेंडर छापणाऱ्यांचा, त्या एक लाख अडतीस हजारांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या झोकदार सहीचा. मग मी फोन लावला आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता, कारण मधेच आईचा आवाज आला.

"किती जण म्हणालीस?"

"एक लाख अडतीस हजार."

"सगळे यांच्यासारखे थांबलेले?"

"हो."

"मी म्हणत होते यांना, दहाला दाबा, पोरीनं सांगितलंय," आई म्हणाली. "तर हे म्हणतात कसे, तू गप बस, तुला काय कळतंय. सकाळपासून कॅलेंडरापुढं उभे. पाय दुखले असतील. आता काय करायचं म्हणतेस?"

"तुमच्या फोनवर 'अर्ज मागे घ्या' असं लाल बटण आहे, क्रमांक बंद असला तरी ते चालतं. ते दाबलं की मला सही करता येते. पण आई, मग या वर्षी नाही. आणि पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीचं डॉक्टरांनी सांगितलंय की मला. पडदा गेलाय, कान नाही गेले."

"साहेब तुझं एकटीचं करून देतो म्हणतायत. मी त्यांना नाही म्हणाले नाहीये अजून."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"शेजारच्या सुमनताईंचेही डोळे चाललेत, त्यांनीही आमच्याबरोबरच दाबलंय," आई म्हणाली. "भिंतीपलीकडनं विचारून दाबलंय, झाले का त्रेचाळीस, म्हणून. त्यांना तोंड कसं दाखवू? मला त्यांचं दिसणार नाही, पण त्यांना अजून माझं दिसेल की. अहो, दाबा ते लाल बटण."

"थांब जरा," बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जरा विचार करू."

"सकाळी केलात की विचार. दाबा आता."

जिन्यात बसल्या बसल्या माझ्या फोनवर सूचनेची पट्टी आली : कुमुद विश्वनाथ म्हैसाळकर, अर्ज मागे घेतला, वेळ १२.२९.

मी आत गेले, फॉर्म भरला, सही केली. या वेळी सही वाकडीतिकडी आली. कडी काढली. लोकांना पुन्हा बटण दाबायचे निरोप गेले आणि लोंढा आला, खराखुरा. सर्व्हर धापा टाकायला लागला, पान उघडायला चाळीस-चाळीस सेकंद लागायला लागले. चौबळ साहेब खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. पण पडला नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांचे पाडलेत, हा नाही पडला. अडकलेल्यांपैकी एक लाख एकतीस हजारांचे अर्ज दोनपर्यंत आले. सात हजार लोक परत फिरकलेच नाहीत. ते कंटाळले, की जेवायला बसले, की घाबरले, हे मला कधीच कळणार नाही.

सव्वादोनला साहेबांनी नारळ फोडला. मला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि नजर चुकवून म्हणाले, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा." मी तुकडा पर्समध्ये टाकला. महिनाभरानं तिथं बुरशी दिसली तेव्हा आठवण झाली.

निवडीची यादी लागली त्या रविवारी मिरजेला गेले. सुमनताईंचं नाव यादीत आलं होतं, चारशे सातवं. त्या सकाळीच येऊन शिऱ्याची वाटी ठेवून गेल्या होत्या आणि दारात उभ्या राहून खूप वेळ रडल्या होत्या म्हणे. बाबा पेपर तोंडापुढं धरून बसले होते. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी काढून टाकलं होतं. खिळा तेवढा राहिला होता.

"ती एकेचाळिसावी चाचणी मी परत घातली," मी बाबांना सांगितलं. "लोंढ्यात आता कॅलेंडर बघून थांबणारी माणसंही आहेत. पहिल्या माणसाला तुमचं वय दिलंय, गाव मिरज."

"हं," पेपरामागून आवाज आला. थोड्या वेळानं, "त्याचा विश्वास आहे की नाही?"

"नाही. तरी थांबतो."

बाबांनी पेपराचं पान उलटलं नाही.

आईनं मला जवळ बसवलं आणि नेहमीसारखं माझ्या कानाकडं बघायला लागली. हात पुढं करून तिनं कानाची पाळी चाचपली.

"वाटेत रडलीस का गं?"

"नाही. कोण म्हणतं?"

"कान लाल झालेत. लहानपणापासून तुझे डोळे आधी खोटं बोलायचे आणि कान लाल व्हायचे. तेव्हा माझं लक्ष नसायचं कानांकडं." ती हसली. "खा शिरा. सुमनताईंनी तूप भरपूर घातलंय."

बाबा उठले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.